टेलरअण्णांचं आतलं माप

कंधारच्या टेलरअण्णांवर गेल्या वर्षी जूनमध्ये लातूरला शस्त्रक्रिया झाली. त्याआधी वर्षभर ते दर सोमवारी स्वतःच्या पोटाला टेप लावून माप वहीत लिहीत होते. प्रत्येक वेळी छत्तीस इंच भरलं.

मी तेव्हा कंधारला वार्ताहर होतो. माझ्या पँटी अण्णाच शिवत. कंबर मोजली की त्यांचं वाक्य ठरलेलं: "साहेब, माणूस वाढतो, कापड न्हाई वाढत. आत राखून ठेवतो." वजन उतरवणार आहे, असं मी सांगितलं की म्हणत, "लई जणांनी सांगितलं," आणि कात्री चालवत.

बिडी ते दुकानाबाहेर पायरीवर ओढत, कापडाला वास लागू नये म्हणून. स्वतःच्या छातीची इतकी काळजी त्यांनी घेतल्याची नोंद नाही.

मुतखड्याच्या संशयावरून नांदेडला सोनोग्राफी झाली. खडा नव्हता; पोटातली महाधमनी फुगलेली होती, ४.८ सेंटिमीटर. रक्तात धमन्यांना अपायकारक मानलं जाणारं होमोसिस्टीन एकतीस निघालं. हवं पंधराच्या आत. डॉक्टरांनी बी-बारा आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, बिडी बंद करायला सांगितली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तीन महिन्यांत रक्तातला आकडा बारावर आला. फुगवटाही उतरला असं अण्णांनी धरलं आणि पुढची सोनोग्राफी टाळली. भरवसा टेपवर.

"छत्तीसच हाय. फुगलं असतं तर टेप बोलला असता."

"बिडी सोडा मनलं तर टेप लावून राहिलेत!" त्यांच्या पत्नी, अक्का, मला म्हणाल्या. "भाऊ, तुमी तरी न्या यांना लातूरला."

मी सोबत गेलो. फुगवटा ५.७ भरला.

"काका, गोळ्यांनी रक्तातला आकडा उतरला, फुगवटा नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तो बाहेरून मोजता येत नाही. फुटला तर दवाखाना गाठणंही अवघड."

ऑपरेशन नको, असं अण्णा बसमध्ये तीनदा म्हणाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, पोट फाडायचं नाही. जांघेतून नळी सरकवून धमनीला आतून कापडी अस्तर लावायचं.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "कापड कोणचं?"

"पॉलिस्टर."

"आटत न्हाई ते. शिलाई मशीनची का हाताची?"

"जाळीवर हातानं शिवलेलं असतं."

अण्णांनी सही केली. उठताना डॉक्टरांच्या शर्टाचा खांदा चिमटीत धरला. "हे मात्र उतरलंय, साहेब. कंधारला या कधी."

अस्तर नीट बसलं. महिन्याच्या आणि सहा महिन्यांच्या तपासणीत गळती आढळली नाही. वहीत छत्तीसांच्या रांगेखाली त्यांनी लिहिलं: 'आतलं माप ५.७. डॉक्टरचं बरोबर.'

यंदा फेब्रुवारीत अण्णा न्यूमोनियानं गेले. त्यांनी शिवलेली पँट एप्रिलमध्ये मला कमरेला बसेना, म्हणून नांदेडच्या एका टेलरकडे दिली. त्यानं शिवण उसवली. आत दोन इंच कापड निघालं.