जावेच्या कुंड्या, माझी ओसरी

गावातल्या आणि परगावच्या सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, माझ्या धाकट्या जावेच्या दारातल्या गोकर्णीला यंदा दुहेरी पाकळ्यांची निळी फुलं आली असून, त्याच आठवड्यात माझ्या दारातली कोरफड वारली आहे. कोरफड! जी दारावर उलटी टांगली तरी जगते, ती. ज्यांना दुःख व्यक्त करायचं असेल त्यांनी माझ्याकडे यावं, चहा मिळेल. फुलं बघायची असतील त्यांनीही आधी माझ्याकडेच यावं. कारण तिच्याकडे गेलेला माणूस परत माझ्याकडे येत नाही, असा अनुभव आहे.

बोरी बुद्रुकात आमची घरं एकमेकांना खेटून आहेत. वाटणी झाल्यावर दोघा भावांनी एकाच गवंड्याकडून, एकाच मापाची बांधून घेतली. तीच ओसरी, तीच फरशी, तेच निळे दरवाजे, मधे कंबरेएवढी भिंत. अशा दोन घरांत डावं-उजवं करायला जागाच उरत नाही, असं वाटेल. उरते. घरातली बाई उरते.

माझ्या जावेला काही टाकवत नाही. टोमॅटोचे मोडके कॅरेट, रंगाच्या रिकाम्या बादल्या, गळका माठ, शेतात उरलेली ठिबकची नळी, जे हाती लागेल त्यात ती माती भरते आणि त्यातून काहीतरी वर येतं. बादल्यांना गेरू फासून काठावर चुन्याचे ठिपके देते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पुण्याच्या नर्सरीतून आणल्यात. ठिबकच्या नळीची तिनं कमान केली आणि तिच्यावर ती वर सांगितलेली गोकर्ण चढवली. मिक्सरच्या तडकलेल्या भांड्यात शेवंती. माझं मिक्सरचं भांडं तडकलं तेव्हा ते भंगारवाल्याला गेलं आणि बदल्यात मी चार लसूण घेतले. तेही किडके निघाले.

घराच्या आतलं तर विचारूच नका. पंख्याच्या पात्याला ती उशीचा जुना अभ्रा घालते आणि हलकेच ओढून घेते. सगळी धूळ अभ्र्यात, खाली कण नाही. मी तेच करायला गेले. अभ्रा अडकला, मी ओढला, पातं वाकलं. तेव्हापासून आमचा पंखा वारा कमी देतो आणि मान जास्त हलवतो.

बरं, बाई कंजूष असती तर निदान शिव्या देता आल्या असत्या. मी नुसतं "छान आलंय गं" म्हटलं, की ती कचकन फांदी मोडून हातात देते.

"न्या अक्का. नुसतं खोचायचं, लागतंय बगा."

मी खोचते. ते वाळतं. मग आठवड्यानं भिंतीवरून हाक येते, "लागलं का ओ अक्का?"

"लागलं की! मागच्या अंगाला लावलंय."

मागच्या अंगाला आमची कांदे साठवायची चाळ आहे. तिथं कित्येक वर्षं माझी एक अप्रतिम बाग फुललेली आहे. ती अजून कुणी पाहिलेली नाही.

अशात आमच्या मुलाचं जुळत आलं. मुलगा शेती बघतो. शेती बघणाऱ्या मुलाला मुलगी मिळवणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात तिशीला टेकलेला मुलगा आहे त्यालाच ठाऊक. आधीची दोन स्थळं घर बघून गेली ती गेलीच, फोनसुद्धा उचलला नाही. ही मुलगी निरगुडसरची. मुलामुलीची पसंती झाली होती, मोठ्यांचं बोलणं झालं होतं. फक्त त्यांच्याकडच्यांनी येऊन घर बघायचं राहिलं होतं. मी ओझरच्या विघ्नहराला नारळ बोलून ठेवला होता. मध्यस्थानं मात्र जाता जाता घाबरवलं.

"वहिनी, बाकी समदी देवमाणसं हायेत. पोरीची आत्या तेवढी सांभाळा. ती मोरीत डोकावती. मागं एका घरी संडासातली बादली बगून, चहा न घेताच उठली व्हती."

झालं. आमच्या घरावर मी युद्ध पुकारलं. नवी बादली आली. गॅसचा ओटा खरवडून त्याचा मूळ रंग सापडला, तो हिरवा होता, हे आम्ही विसरलो होतो. आमचे हे शिडीवर चढून जळमटं काढत होते आणि वरून म्हणत होते, "कोळी इचारतोय, पाव्हणं गेल्यावर परत येऊ का?"

रविवारी सकाळी घर लखलखत होतं. पण बाहेर रस्त्यावर उभी राहून मी बघितलं. माझी ओसरी सरकारी दवाखान्यासारखी स्वच्छ आणि तितकीच भकास दिसत होती. आणि भिंतीपलीकडे? पलीकडे गोकर्ण, अबोली, शेवंती, जास्वंद, सगळ्या नटून उभ्या. पाहुणे गाडीतून उतरणार आणि त्यांची मान आपोआप तिकडे वळणार. मुलगी द्यायची ह्या घरात आणि बघायचं ते घर!

मी पदर खोचला आणि तिच्या दारात गेले.

"आजच्या दिवस तुझ्या कुंड्या देतीस का गं?"

माझी फार इच्छा होती की तिनं नाही म्हणावं. तोंड जरा वाकडं करावं. आयुष्यभर पुरलं असतं मला. पण तिनं हातातला झाडू टाकला, नवऱ्याला हाक मारली आणि अर्ध्या तासात कमानीसकट सगळी बाग माझ्या ओसरीवर आणून मांडली. वर म्हणाली, "जास्वंद म्होरं ठेवते अक्का, तिला मिरवायची हौस हाये."

मग मी हळूच भिंतीवरून डोकावले. तिची ओसरी बोडकी! पहिल्यांदाच! इतकं गार वाटलं म्हणून सांगू. पण ते सुखही टिकू दिलं नाही बाईनं. कुंड्या उचलल्यावर फरशीवर मातीचे ओले गोल उरले होते. ते पुसायचे सोडून तिनं एकेका गोलाला रांगोळीच्या पाकळ्या काढल्या. बोडकी ओसरीसुद्धा माझ्या भरलेल्या ओसरीपेक्षा देखणी दिसायला लागली.

पाहुणे आले. मुलीचे आईवडील, मामा आणि त्या आत्या. आत्यांनी मोरी बघितली, बादली बघितली, ओट्यावरून बोट फिरवून ते बोटही बघितलं. तोंडावर काही नाही. मग ओसरीवर खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

"झाडांची लई हौस दिसती तुमाला."

"आहे थोडी," मी लाजून म्हटलं.

"हे कंचं झाड म्हनायचं?"

"ते... शोभेचं."

"पानी कधी घालता?"

"रोज! सकाळ-संध्याकाळ! भरपूर!"

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन जाऊ बाहेर आली. मदतीला मीच बोलावलेलं. तिच्या तोंडून निसटलंच, "अवो न्हाई अक्का, मूळ सडंल की त्याचं!" आणि ट्रे टेकवता टेकवता, सवयीनं, तिनं जास्वंदीचं एक पिवळं पान खुडलं आणि कुंडी जरा उन्हाकडे फिरवली.

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग उठून भिंतीपाशी गेल्या आणि पलीकडचे रांगोळीचे गोल बघत उभ्या राहिल्या. पोह्यांना कुणी हात लावेना. आमचे हे दारातून आतल्या पंख्याकडे बघायला लागले. मुलगा आतल्या दाराशी उभा होता, तो दाराआड सरकला. हे तिसरं स्थळही गेलं, आणि ते एका पिवळ्या पानावरून गेलं, हे भावकीला कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले.

"ह्या कुंड्या तुज्या का गं?" आत्यांनी जावेला सरळ विचारलं.

आता खरं सांगितलं तर माझी लाज जाणार आणि खोटं तिला जमत नाही.

"वाटनी जमिनीची झालीया आमची," जाऊ म्हणाली. "कुंड्या हिकडं असल्या काय न् तिकडं असल्या काय, पानी मलाच घालायचंय. अक्कांनी पोरासाठी घर घासून काढलंय ते बगा की. चार दिस जेवल्या न्हाईत धड."

माझी बाजूसुद्धा तिनंच माझ्यापेक्षा चांगली मांडली. त्या क्षणी मला तिच्या गोकर्णीचा नव्हे, तिच्या जिभेचा हेवा वाटला.

आत्या परत खुर्चीत येऊन बसल्या. पोह्यांची बशी मांडीवर घेतली, लिंबू पिळलं, एक घास खाल्ला आणि भावाकडे वळून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दादा, फोडा सुपारी! लोकं सासू बगून पोरगी देत्यात, आपन चुलतसासू बगून दिऊ!"