दाराजवळचं गोणपाट
समस्त जनांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गोणपाटाचा वास आला की मी आजही बसण्याआधी जागा नीट बघून घेतो. बावड्याच्या आमच्या शाळेत मास्तरांनी रांगा मोडल्या होत्या. कमी ऐकणारा फळ्यापाशी, कमी दिसणारा उजेडात, ज्याची त्याची सोय. पाय अधू असलेल्या नव्या मुलीला पाय पसरायला जागा फक्त दाराजवळ होती, नाहीतर तिची शाळा सुटणार होती. पण तिथं तापानं गेलेल्या मुलीचं बसायचं गोणपाट अजून तसंच होतं आणि त्याला कुणी शिवत नसे. "भुतंबितं काही नसतात, बस," मास्तर म्हणाले. ती काठी टेकत गेली आणि रिकाम्या गोणपाटाला म्हणाली, "सरक की गं, मला बी बसायचं हाय." वारा अजिबात नव्हता. गोणपाट वीतभर भिंतीकडे सरकलं. सगळा वर्ग गारठला आणि मास्तर ओरडले, "दोघींनीही आता गप बसायचं!"