सलामानंतरचा मजकूर

रिफअत उस्ताजांच्या हातचं पत्र टेबलावर आलं की मी चहाचा पेला लांब सरकवायचे. त्या अक्षरावर डाग पडला असता तर मला जेवण गेलं नसतं. बावीस वर्षं मी आवक-जावकच्या नोंदवहीवर बसलेय. नाईलच्या दोन्ही काठांवरच्या गावांचे अर्ज, तक्रारी, अहवाल माझ्या हाताखालून जातात आणि त्यातले निम्मे वाचून डोकं उठतं. उस्ताजांची पत्रं मात्र मी हौसेनं वाचायचे, कधी कधी बाजूच्या टेबलावरच्या इन्शिराहला मोठ्यानं वाचून दाखवायचे.

ते नदीवर माणसं-गाड्या पलीकडे नेणाऱ्या तराफ्यांचे निरीक्षक होते; शिकल्यासवरल्या माणसाला आमच्याकडे आदरानं उस्ताज म्हणतात. उन्हाळा-हिवाळा एकच तपकिरी कोट, खिशाला दोन पेनं, आणि चालणं असं की जमिनीला त्रास होऊ नये. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर उस्ताजांचा, कुणी गेलं की सांत्वनाची तारही त्यांचीच. त्यासाठी त्यांनी कधी कुणाकडून साखरेचा पुडासुद्धा घेतला नाही.

त्यांची एक रीत होती. आधी साहेबांना सलाम, मग तब्येतीची चौकशी, मग चालू महिन्याच्या शुभेच्छा, मग साहेबांनी पूर्वी केलेल्या कामाचं दोन ओळी कौतुक, आणि हे सगळं झाल्यावर "त्यानंतर" हा शब्द. खरं काम त्या शब्दाच्या पुढे. तिथंही ते एकदम मुद्द्यावर यायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "उस्ताज, एवढं पाल्हाळ कशाला? साहेबांना चष्मा लावायचा कंटाळा आहे."

ते म्हणाले, "मॅडम बहीगा, वाईट बातमीला उघडीवाघडी साहेबांसमोर नेऊ नये. तिला नीट कपडे घालावेत."

आम्ही हसलो होतो. मला ते पटलंही होतं, हे कबूल करते.

कफ्र सन्दीलच्या घाटावर जो तराफा चालतो, त्यावर सुब्ही नावाचा खलाशी होता. वय पन्नाशीचं, पण सगळा घाट त्याला अम्म सुब्ही म्हणायचा, म्हणजे सगळ्यांचा काका. तराफ्याच्या तोंडाशी गाड्या चढायला एक जड लोखंडी फळी असते. ती दोन साखळ्यांवर वर-खाली होते. डावीकडच्या साखळीपाशी उभं राहून ती सोडायची आणि ओढायची, हे सुब्हीचं काम. दिवसातून चाळीस वेळा तो त्या फळीच्या खाली-बाजूला असायचा.

त्या वर्षी रमजान संपला आणि सुब्ही कार्यालयात आला. त्याला लिहिता येत नव्हतं. उस्ताजांच्या टेबलासमोर उभा राहून त्यानं करंगळी वर केली.

"उस्ताज, डाव्या साखळीची एक कडी एवढीच राहिलीय. रोज बघतो, रोज बारीक होतेय."

"बस, सुब्ही. चहा घे."

"चहा नंतर घेईन. तुम्ही लिहा. तुमचं लिहिलेलं साहेब वाचतात म्हणे."

साहेब वाचायचे हे खरं होतं, पण कसं वाचायचे ते मला माहीत होतं. आमचे साहेब नझमी बे पहिल्या चार ओळी वाचायचे, खुश व्हायचे, समोर कुणी बसलेलं असेल तर "ऐका, याला म्हणतात भाषा" म्हणून त्यालाही वाचून दाखवायचे, आणि कोपऱ्यात शेरा मारायचे: वाचले, दप्तरी ठेवावे. सहा महिन्यांत साखळीबद्दल सहा अहवाल गेले. सहाही दप्तरी बसले. प्रत्येक वेळी उस्ताज भाषा आणखी गोड करायचे. त्यांना वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडतंय. सुब्ही दर आठवड्याला यायचा. "लिहिलंत ना?" "लिहिलंय." एवढं बोलून तो परत घाटावर त्या फळीखाली जाऊन उभा राहायचा. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर कैरोहून एक तरुण बाई आम्हाला शिकवायला आली. कार्यालयीन पत्र कसं लिहावं, यावर दोन तास. बाकीचे बिस्किटं मोजत बसले होते. ती म्हणाली, "तुम्हाला वाचणाऱ्यानं काय करायला हवंय, ते पहिल्या ओळीत लिहा. वाचणारा तिथंच थांबणार आहे असं धरून चला." उस्ताजांनी हे वहीत उतरवून घेतलं. मग वही मिटली आणि बराच वेळ ते तिच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा दुखावला.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासात, त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर एवढंच होतं:

"कफ्र सन्दीलच्या तराफ्याची डावी साखळी तुटणार आहे. तराफा आजच बंद करावा. खाली माणूस उभा असतो."

खाली सही. वर सलाम नाही, महिन्याच्या शुभेच्छा नाहीत, "त्यानंतर" नाही.

आता माझं सांगते. आमच्याकडे सलामाशिवायचं पत्र नोंदवहीत चढत नाही. हा नियम कुठे छापलेला नाही. माझ्याआधी या खुर्चीवर बसणाऱ्या मॅडमनी ही शिस्त लावली, आणि मी ती त्यांच्याहून कडक पाळली. अर्जदारांना मी तोंडावर म्हणायचे, "घरी वडिलांशी असं बोलता का?" मला त्याचा अभिमान होता.

मी कागद परत सरकवला. "उस्ताज, हे काय? तुम्हीसुद्धा?"

"असंच जाऊ द्या, मॅडम. नंबर टाका."

"साहेब म्हणतील बहीगाला म्हातारपण आलं. सलाम तरी घाला. आणि हा हुकूम कुणाला, 'आजच बंद करावा'? तुम्ही त्यांचे साहेब की ते तुमचे?"

"सुब्ही रोज तिथं उभा राहतो."

"सहा महिने उभा आहे. रविवारपर्यंत उभा राहील. नीट लिहून आणा, पहिला नंबर तुमचा."

ते भांडले असते तर मी ऐकलं असतं. मला असं वाटतं. कदाचित नसतंही ऐकलं. त्यांनी कागदाची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि "रविवारी आणतो" म्हणाले. मी नोंदवही मिटून कुलूप लावलं. त्या दिवशी घरी भरली वांगी होती, मी चांगली दोन ताटं जेवले.

शनिवारी कफ्र सन्दीलला बाजार असतो. दुपारी मोसंब्यांनी भरलेली गाडी चढत असताना कडी तुटली आणि फळी खाली आली. सुब्ही बाजूला उडी मारायला गेला, अंग वाचलं, दोन्ही पाय गुडघ्याखाली राहिले नाहीत.

रविवारी सकाळी उस्ताज माझ्या टेबलापाशी आले. हातात दीड पानाचं पत्र होतं, वर सुरेख सलाम. सुट्टीचे दोन दिवस बसून लिहिलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं नाही. फाडलंही नाही. काय करावं ते न कळून ते तसेच उभे होते, आणि मलाही त्यांना "बसा" म्हणायचं सुचलं नाही.

महिन्याभरानं चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी सहा अहवाल काढून वाचले. त्यातला एक जण बोट फिरवत चौदाव्या ओळीवर थांबला. "'ईश्वरकृपेने साखळी अद्याप सेवा देत असून तिच्याकडे थोडे लक्ष पुरवल्यास उत्तम.' उस्ताज, यातून माणूस काय समजणार? धोका आहे असं कुठे लिहिलंय?"

"शेवटी मी स्पष्ट लिहिलं होतं, साहेब. गुरुवारी. तीन ओळी."

"कुठे आहे ते?"

उस्ताजांनी खिशातून घडी काढली. त्या अधिकाऱ्यांनी कागद उलटून पाहिला. "यावर ना शिक्का, ना नंबर. असा कागद कुणीही कधीही लिहू शकतो." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, याची नोंद आहे?"

"नाही," मी म्हणाले.

हे खरंच होतं. नोंद नव्हती. कागद आला होता आणि मी परत पाठवला, हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी उस्ताजांकडे पाहिलं नाही, तरी ते माझ्याकडे बघताहेत हे समजत होतं.

ते म्हणाले, "मॅडमपाशी रोज शंभर कागद येतात. माझाच घोटाळा झाला असेल."

त्यांना अस्पष्ट लिहिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि त्यांचं टेबल जुन्या दप्तरांच्या खोलीत गेलं. नझमी बेंची बदली झाली नाही. तराफ्याला नवी साखळी बसली. त्यासाठी कुणालाच पत्र लिहावं लागलं नाही.

मी दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा ते आदबीनं उठून उभे राहिले, आणि मी काहीतरी जुनी फाईल मागून परत आले.

परवा ते माझ्या टेबलाशी आले, बऱ्याच महिन्यांनी. कोट तोच, सैल झालेला. सुब्हीला चाकाची खुर्ची हवी होती, त्याचा अर्ज त्यांनी लिहून आणला होता. सुब्हीनं स्वतः त्यांना बोलावून सांगितलं होतं, "उस्ताज, तुम्हीच लिहा. तुमचं लिहिलेलं साहेब वाचतात."

मी अर्ज हातात घेतला. माननीय नझमी बे यांना सादर सलाम, त्यांच्या तब्येतीची चौकशी, महिन्याच्या शुभेच्छा, तराफा विभागातल्या त्यांच्या कामाचं दोन ओळी कौतुक. अक्षर पूर्वीसारखंच. खुर्चीचा उल्लेख दुसऱ्या पानावर होता.

"या वेळी बरोबर आहे ना, मॅडम?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती.

"बरोबर आहे, उस्ताज," मी म्हणाले, शिक्का मारला आणि नंबर टाकला.