इंचबेरीचा शेजारी

माझी बहीण ग्रिझेल क्रेगडफच्या जमीनदाराला दिली होती. बाबा गेल्यावर मीही तिच्याच घरी राहायला आले. भावोजींचं नाव निनियन, पण आमच्या स्कॉटलंडात जमीनदाराला त्याच्या जमिनीच्या नावानेच हाक मारतात. म्हणून ते क्रेगडफ, आणि नदीपलीकडचा लडोविक इंचबेरी. दोघे एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलेले. तिथे जे सलायला लागलं ते भावोजींच्या छातीतून पुढे निघालंच नाही.

माणूस वाईट नव्हता. कुळाची गाय मेली तर आपल्या गोठ्यातली सोडून देत. पण इंचबेरीने नवा घोडा घेतला की यांना आपला लंगडा वाटायला लागे. इंचबेरीने चर्चमधल्या आपल्या आसनावर नक्षीचं छत बसवलं, तेव्हापासून यांच्या कानात प्रवचन शिरेना.

सगळ्यात जास्त सलायचं ते पार्लमेंट. सुगी संपली की परगण्यातले जमीनदार जमत आणि एडिंबरोच्या त्या सभेत पाठवायला आपल्यातले दोघे निवडत. एक जण बदलायचा. दुसरा इंचबेरीच.

"त्याच्यात असं आहे तरी काय?" भावोजी लापशीचा वाडगा ढकलत विचारत.

"ते लोकांचं ऐकून घेतात," ग्रिझेल म्हणे.

"म्हणजे मी घेत नाही?"

"आत्ता मी सांगितलं ते ऐकलंत का?"

मग राजा आणि आमचं चर्च यांच्यात फाटलं. राजाला चर्चवर सगळीकडे आपले बिशप हवे होते, आमच्या लोकांना ते डोळ्यांपुढे नको होते. गावोगाव चर्चच्या बाजूने उभं राहायच्या शपथा झाल्या. इंचबेरीनेही शपथ घेतली, पण चार दिवस विचार करून. भावोजींना तेवढं पुरलं. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन ते म्हणाले, "मी काही बोलत नाही बुवा. पण बिशपच्या पंगतीला कोण बसतं, एवढं विचारा." इंचबेरी कधीच बसला नव्हता. तरी त्या वर्षी निवड झाली ती क्रेगडफची.

मखमली अंगरखा शिवला. एडिंबरोत राजवाड्यापासून सभागृहापर्यंत निघणारी सभासदांची मिरवणूक बघायला ग्रिझेल आणि मीही गेलो. भावोजी घोड्यावर ताठ बसले होते, चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला. संध्याकाळी परतले ते उतरल्या तोंडाने.

"काय झालं, भावोजी?"

"जो तो विचारतो, इंचबेरी नाही आले का? त्यांची तब्येत बरी आहे ना? दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा! मी काय त्याचा निरोप्या म्हणून आलोय?"

शेवटच्या आठवड्यात आमच्या नदीवरच्या दगडी पुलाचा अर्ज निघाला. तो इंचबेरीने आदल्या खेपेला दिला होता. परगण्याचं म्हणणं काय, असं अध्यक्षांनी विचारलं. भावोजी उठले आणि म्हणाले, "पुलाची गरज नाही. आमचा नदीउतार चांगला आहे, गाड्या पाण्यातून सहज पार होतात." अर्ज तिथेच बाजूला पडला.

पुढच्या वसंतात बर्फ वितळलं आणि त्याच उतारावर आमच्याच कुळाची, टॉम बेनची, ओटने भरलेली गाडी बैलांसकट वाहून गेली. टॉम कसाबसा निघाला. त्यानंतर भावोजी दिसले की लोक टोपी काढायचे, पण हळूच, दुसरीकडे बघत.

एके सकाळी इंचबेरी स्वतः दारात आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"क्रेगडफ, दगडाचा नाही तर लाकडाचा तरी पूल बांधू. लाकूड माझं. तुझ्या काठावर दोन खांब रोवायला जागा दे."

"आणि नाव कुणाचं? इंचबेरीचा पूल?"

"अरे, तुझं नाव दे! मला पलीकडे जायचंय फक्त."

"मला तुझी भीक नको."

तेवढ्यात ग्रिझेल आतून आली. तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं. "काठावरचं कुरण माझं आहे. लग्नाच्या करारात बाबांनी ते माझ्याकडे राखलंय. इंचबेरी, खांब रोवा तुम्ही."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

पूल झाला, आणि लोक त्याला ग्रिझेलचा पूल म्हणायला लागले. म्हणजे आता घरातच एक इंचबेरी झाला. बाजारात कुणी बाईंची तब्येत विचारली तरी भावोजी फुरंगटत. स्वतः मात्र उतारावरूनच जात आणि ओले मोजे शेगडीपुढे टाकत. ग्रिझेल ते मुकाट्याने वाळवायची.

पुढल्या सुगीत लोकांनी पुन्हा इंचबेरीलाच निवडलं. तो पुष्कळ वर्षं एडिंबरोला जात राहिला आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. अंत्ययात्रेहून भावोजी घरी आले, टोपीसुद्धा न काढता बसले.

"केवढी माणसं होती, ग्रिझेल. टेकडीपर्यंत रांग. माझ्या वेळी येतील का गं एवढी?"

"तिथेसुद्धा तुम्ही माणसंच बघत होतात?"

 मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

त्यानंतरच्या सुगीत लोक आपणहून त्यांना निवडायला तयार होते. आता आड यायला कुणी उरलंच नव्हतं. भावोजी सभेला गेलेच नाहीत. "दुसऱ्या कुणाला पाठवा," असा निरोप दिला आणि कुत्रा घेऊन मेंढ्यांकडे निघून गेले.