जडी आली

"कात्री टाक! आधी कात्री खाली टाक, मग तोंड उघड!"

आत्या मागच्या दारात उभी राहून अशी ओरडली, की देशपांडे नगरातल्या निम्म्या कुकरांच्या शिट्ट्या अर्ध्यावर थांबल्या. धारवाडहून नुकतीच बसने आलेली, चपलासुद्धा पायातच. मी न्हाणीघराच्या पायरीवर, आरसा गुडघ्यांत धरलेला, डाव्या कानामागचा गुंता चिमटीत आणि कात्री त्याला टेकलेली. एक कचका राहिला होता फक्त.

"जट आहे ती. देवीची आहे. तिला लोखंड लागलं तर ह्या घराचं काय होईल, मला विचारू नकोस."

ह्याचं मूळ आठ महिन्यांपूर्वीचं. माझे केस जन्मापासून कुरळे. शाळेत एकदा त्यात खोवलेली पेन्सिल वार्षिक परीक्षा संपल्यावर सापडली. मावसबहिणीच्या लग्नासाठी मी आमच्या गावातल्या लॅमिंग्टन रोडजवळच्या एका पार्लरमध्ये ते सरळ करून घेतले. सात तास लागले. त्या औषधाच्या वासाने माझ्या नाकातले केससुद्धा सरळ झाले असतील. लग्नात मी अशी मिरवले, की नवरीकडे बघायला कुणाला सवड झाली नाही.

मग मुळांतून माझे खरे केस वर आले. रागावलेले. वर चार बोटं कुरळे, खाली सुतळीसारखे सरळ. पार्लरवाली म्हणाली, "पुन्हा करून घ्या, नाहीतर जोडावर तुटतील." हे ती माझ्याकडे न बघता आरशाला म्हणाली, डॉक्टर पेशंटला सोडून नातेवाइकांना सांगतात तसं. मी म्हटलं, नाही. आता माझे मलाच येऊ देत.

आणि ते तुटू लागले. वरण-भातात केस, नळाच्या तोटीला केस, देवघरातल्या घंटेला केस. दुपारी घर शांत असलं की तुटताना टक् आवाज यायचा, मी शपथेवर सांगते. आई जास्वंदीचा पाला चोळायची, चटणीसाठी आणलेले जवस उकळून त्याचं चिकट पाणी लावायची, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर जायची. वेणी मात्र बंद, कारण ताण पडला की जोडावर खेळ खलास.

आठव्या महिन्यात आईला धीर आला आणि एकदाची वेणी बसली. अंगठ्याएवढी. आनंदाच्या भरात ती कंपाउंडवरून शेजारणीला कन्नडमध्ये ओरडली, "नम्म हुडगीगे ईग जडी बर्तैत्री!" तिला म्हणायचं होतं, आमच्या मुलीला आता वेणी येते.

आईचं डोकं मराठी, तोंड कन्नड. आपल्याकडे 'वेणी येते' म्हणजे घालता येते. कन्नडमध्ये जडी म्हणजे वेणीच, पण घालण्यासाठी मध्ये एक 'हाकाक' लागतं. ते आईने गाळलं. आणि नुसती जडी येते ती एकाच अर्थाने. जट येते. सौंदत्तीची देवी बोलावणं धाडते, ती. शेजारणीने छातीवर हात ठेवला आणि आत जाऊन धारवाडला आत्याला फोन लावला.

इथवर हसण्यासारखं होतं. पण कौतुकाने तीन दिवस तशीच ठेवलेली वेणी मी सोडली, तेव्हा डाव्या कानामागे खरोखरच गाठ होती. सुपारीएवढी, घट्ट. हे मात्र मी फुगवून सांगत नाही.

"अहो वन्सं, मी हाकाक म्हणायचं विसरले हो!" आई रडकुंडीला येऊन सांगत होती.

"तू विसरलीस. देवी नाही विसरली," आत्या म्हणाली. तिने कात्री स्वतःच्या पिशवीत टाकली आणि गाठीवर ओलं हळद-कुंकू थापलं. मंगळवारी जोगतीण येऊन बघेल. ती हो म्हणाली, की ह्या डोक्याला जन्मभर कंगवा लागणार नाही.

मधले चार दिवस गल्लीतल्या बायका येत राहिल्या. माझ्या तोंडाकडे कुणी बघेना. सगळ्या माझ्या डाव्या कानाकडे बघून किंचित वाकायच्या. एकीने नारळ ठेवला. हळद वाळून गाठ दगड झाली, आजूबाजूचे केस ओढून घेऊ लागली. मी उजव्या कुशीवर झोपायला लागले, तिला जाग येऊ नये म्हणून. आठ महिने मी माझे केस परत मागत होते, आणि ते आता दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढत होते.

मंगळवारी आत्याने दुर्गदबैलातून जोगतिणीला रिक्षाने आणलं. डोक्यावर देवीची परडी, पाठीवर कमरेपर्यंत दोरखंडासारखी जट, हळदीने पिवळी. तिने परडी खाली ठेवली, मला उन्हात ओढलं, नखाने गाठ उकरली आणि एक केस उपसून सूर्यासमोर धरला. अर्धा कुरळा, अर्धा सरळ. जोडावरून तिने बोट फिरवलं. आत्याने डोळे मिटून हात जोडले होते.

"पार्लरगे होगिद्देन यव्वा?" तिने विचारलं.

गेले होते, मी मान हलवली.

"देवीची नव्हे," ती आत्याला कन्नडमध्ये म्हणाली. "गुंता आहे. तेल लावून सोडवा."

आत्याने तीनदा विचारलं, नक्की का? तोवर आई कोमट तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे बसलीसुद्धा होती. दोन तास लागले. अर्धी गाठ केस होऊन डोक्यावर राहिली, अर्धी आईच्या हातात आली. जोगतीण कधीच जायला हवी होती, पण ती पायरीवर चहाचा कप धरून आईच्या बोटांकडे बघत बसली होती. माझी जीभ एव्हाना मोकळी झाली होती.

"अव्वा, मग तुमची कशी आली?"

तिने उरलेला चहा मातीत ओतला.

"आमच्या घरी तेल नव्हतं," ती म्हणाली.