सगळं नीट ठेवा

पूर ओसरला की लोकांना माझी आठवण येते. एरवी सासूबाईंनाही येत नाही. विम्याच्या दाव्यासाठी नुकसान पाहायला जायचं, हे माझं काम. बुडालेले ट्रान्सफॉर्मर, पाणी प्यायलेल्या मोटारी, चिखलाने माखलेले पॅनेल. लोक मला 'चिखलवाली बाई' म्हणतात. माझे गमबूट मापापेक्षा मोठे आहेत, त्यामुळे माझ्या आधी माझा आवाज पोचतो.

त्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या पंपघराशी पोचले आणि दारातच थबकले. फरशी लख्ख. मोटारी पुसलेल्या. भिंतींना ताजा चुना.

"या ताई, या! बूट मात्र बाहेर काढा हं," पंपवाले काका म्हणाले.

"काका, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं? भिंतीवर खूण असेल ना?"

"खूण? एक डाग सापडला तर नाव बदलीन!"

पाण्याची ती मातकट रेघ म्हणजेच माझा पुरावा. पाणी पॅनेलच्या वर गेलं होतं हे दिसलं नाही, तर विमा कंपनी म्हणणार, मोटारी निष्काळजीपणाने जळल्या. निष्काळजी कोण? काका. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी त्यांना नोकरीवरून काढायचा दम आधीच भरला होता.

"हे उद्योग करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"तुम्हीच की! फोनवर म्हणालात, मी येतेय, सगळं नीट ठेवा."

म्हणाले होते खरी. मला म्हणायचं होतं, जसंच्या तसं ठेवा. पण 'नीट ठेवा' हे मी घरी नवऱ्याला नि लेकीला रोज ऐकवते, आणि त्याने आजवर एक मोजासुद्धा जागचा हललेला नाही. माझ्या शब्दाला कुठे इतकं वजन असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

मग मी रांगत रांगत पुरावा शोधू लागले. मोटारीखाली डोकं घातलं, कपाळ आपटून घेतलं. काका मागून अभिमानाने सांगत होते, "तिथेही पुसलंय."

एवढ्या टापटिपीत पॅनेलच्या वर, भिंतीवर एक सदरा लटकत होता.

"हा काय प्रकार?"

काका आडवे आले. "ताई, रिपोर्टात लिहू नका. तेवढं एकच राहिलं. मीटरला सील आहे हो, काच आतून कशी पुसू?"

मी सदरा ओढला. मीटरच्या काचेआड आडवी, मातकट, देखणी रेघ! पॅनेलच्या चांगली वीतभर वर. मी नाचलेच असते, पण त्या फरशीवर मोजे घसरत होते. धडाधड फोटो काढले.

"काका, नोकरी वाचली तुमची!"

"मळकं राहिलं म्हणून?" त्यांचा चेहराच पडला. "मग भिंतींना चुना उगाच लावला की!"

"भिंतींना नाही हो, मला लावलात."

निघताना ते दारापर्यंत आले. "पुन्हा पूर आला तर काय करू, ताई?"

"माझ्या नवऱ्याला फोन करा. काहीही न करणं तो छान शिकवतो."