डावं बटण

दादाच्या गिरणीचा संप मिटला की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. दादा म्हणायचा, मिटलेला नाही. वहिनी विचारायची, "मग आत काम कोण करतंय?" यावर दादा पेपरचं पान उलटायचा. घाटकोपरला डोंगरउतारावर दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. मी शाळेत मराठी शिकवत होतो. घर माझ्या पगारावर चालतं हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, त्यामुळे ते सतत ऐकू यायचं.

त्या सुमारास स्टेशनजवळच्या एका मंडळाने बायकांसाठी प्रेसकामाचा वर्ग काढला. शिवण नको, पापड नको, काहीतरी आधुनिक हवं, असा कार्यकारिणीचा आग्रह होता. शिवाय त्यांना एक पॉवर प्रेस दानात मिळाला होता आणि तो ठेवायला शेडही होती. माणसाच्या उंचीचं लोखंडी धूड ते. खाली साचा, वर ठोका मारणारा भाग. साच्यावर पत्र्याची पट्टी ठेवायची, ठोका पडला की दाराचा कोयंडा तयार. पट्टीच्या जागी बोट राहिलं तर काय तयार होतं, ते कुणी सांगत नसे. म्हणून त्या मशीनला दोन बटणं होती, एक उजवीकडे, एक पार डावीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडायचा. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात साच्यापासून लांब.

शिकवणारे मास्तर एका कारखान्यातून रिटायर झालेले फोरमन होते. "हात दोन, बटणं दोन," ते बायकांना सांगायचे. "डोकं एकच आहे, ते घरी विसरलात तरी चालेल. हात विसरू नका." शनिवारी एक वकीलबाई येत. हजेरीचं कार्ड मागा, विम्याचं कार्ड मागा, शिकाऊ म्हणून घेतलं तर किती दिवस शिकाऊ ते विचारा, असं त्या शिकवत. वहिनीने त्या वर्गात नाव घातलं होतं. तिथून घरी आली की ती दादाला छेडायची.

"तुमच्या युनियनने इतक्या वर्षांत काय हो शिकवलं तुम्हांला?"

"घोषणा," दादा म्हणायचा.

वर्ग संपल्यावर समारंभ झाला. मंडळाला स्वच्छ मराठी बोलणारा माणूस हवा होता म्हणून माइक माझ्याकडे आला. प्रमुख पाहुणे साकीनाक्याचे कारखानदार होते. त्यांनी शेडच्या दारावरची लाल फीत कापली आणि भाषणात समोरच्या बायकांना "या माझ्या लेकी" असं तीनचारदा म्हटलं. लेक घरात काम करते आणि पगार मागत नाही, हे त्यांच्या मनात असावं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मग ते मशीन चालवून दाखवणार होते. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, एक हात वर करा ना. आशीर्वादासारखा."

साहेबांनी डावा हात वर केला आणि उजव्या हाताने बटण दाबलं. मशीन ढिम्म.

"दोन्ही लागतात," मास्तर म्हणाले.

"अहो, फोटोपुरतं," असं म्हणत मंडळाच्या सेक्रेटरींनी ती कापलेली फीत उचलली, डावं बटण आत दाबलं आणि त्यावरून करकचून आवळली. साहेबांनी पुन्हा आशीर्वाद दिला. धाड्! टाळ्या पडल्या. मास्तर टाळी न वाजवता बायकांकडे बघत होते.

फोटो झाला तरी साहेब हलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने एक पट्टी उचलून साच्यावर सरकवली, उजव्याने बटण दाबलं. मग दुसरी पट्टी. मग तिसरी. "अरे, हे तर पटापट होतंय की," ते म्हणाले. अख्ख्या वर्गात इतक्या लवकर कुणी काही शिकलं नव्हतं.

सगळ्या बॅचला त्यांनी आपल्या गाळ्यात कामाला घेतलं. मंडळाला धन्य वाटलं. पहिल्या दिवशी वहिनीला सोडायला मी साकीनाक्यापर्यंत गेलो. ती जिना चढून गेल्यावर समोरच्या टपरीवर चहा घेतला. तिथे आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं उभी होती. त्यातल्या एकाने ग्लास तीन बोटांत धरला होता. दुसऱ्याने दोन्ही तळव्यांत, लहान मूल धरतं तसा. टपरीवाल्याने विचारलं, "ताई नयी है? किधर?"

"प्रेस पे," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला आणि ग्लास विसळायला लागला.

संध्याकाळी वहिनी आली. पदराला हात पुसून बसली. "भावजी, तिथे फीत नाही हो. सुतळी आहे."

गाळ्यातल्या प्रेसनाही दोन बटणं होती, सरकारी इन्स्पेक्टरने बसवायला लावलेली. आता सगळ्यांची डावी बटणं सुतळीने आवळली होती. उजवा हात बटणावर, डावा साच्यात जातोय, येतोय, जातोय. वहिनीने दोन्ही हातांनी दाबायचं म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाला, "मग पत्रा काय मी येऊन ठेवू?" कार्डाचं विचारलं, तर म्हणाला, "शिकाऊला कसलं कार्ड?"

"नको जाऊस," दादा म्हणाला.

"आणि काय करूचा?" वहिनी रागावली की मालवणीत जायची. "दोघांनी मिळून पेपर वाचूचो?"

त्यानंतर घरात एक विचित्र सवय लागली. ती दारात आली की दादा आधी तिच्या हातांकडे बघायचा, मग तोंडाकडे. मीही. तिच्या ते लक्षात आलं आणि ती आत येतानाच हात पुढे करून दाखवायला लागली, शाळेत नखं तपासायला दाखवतात तसे. आधी आम्ही हसलो. नंतर हसणं बंद झालं, हात दाखवणं चालू राहिलं.

एका दुपारी तिने आपल्या प्रेसची सुतळी कापली. सुपरवायझरने तिला पॅकिंगला बसवलं आणि तिच्या जागी दुसरी बसवली. ही शिक्षा देताना त्याने फारसा विचार केला नसावा, कारण सुतळीचा गुंडा आणि कात्री दोन्ही पॅकिंगच्या टेबलावर असायची. जेवणाच्या सुट्टीत वहिनी प्रेसवरून फिरून यायची. सुट्टीनंतर सुपरवायझर टेबलाशी यायचा, "बाई, जरा सुतळी द्या."

"संपली."

"हा काय गुंडा?"

"हा खोक्यांचा आहे. खोक्यांना बोटं नाहीत, त्यांना चालतं."

दुसऱ्या दिवशी त्याने तार आणली.

तारेपुढे कात्री चालेना. त्याच आठवड्यात तिच्या जागी बसवलेली बाई यायची बंद झाली. का, ते कुणी सांगितलं नाही. चौकशी केली तर सुपरवायझर म्हणे, "गावाला." कोणत्या गावाला हे त्याला माहीत नव्हतं. वहिनीला निरोप मिळाला, उद्यापासून परत प्रेसवर.

त्या रात्री दादाने जाऊ नको म्हटलं नाही. सकाळी ती निघताना त्याने पलंगाखालची गिरणीतली पत्र्याची पेटी ओढली, बऱ्याच दिवसांनी, आणि पक्कड काढून तिच्या डब्याच्या पिशवीत टाकली. वहिनीने पिशवी हातात तोलून बघितली.

"जड आहे हो."

"असू दे."

मी शाळेत गेलो. त्या दिवशी काय शिकवलं ते आठवत नाही.

ती रोजच्यापेक्षा लवकर परतली. दारातच हात पुढे केले. दहाही बोटं होती, डाव्या अंगठ्याला तार लागून ओरखडा उठला होता.

"तार कापली," ती म्हणाली. "मग त्याने मलाच कापली. उद्यापासून येऊ नको म्हणाला."

"बरं झालं," दादा म्हणाला. त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली. "आणि प्रेस? बंद ठेवला?"

"बंद कशाला ठेवतोय? मंडळाची पुढची बॅच आली ना आजच. त्यातल्या एकीला बसवली." वहिनी उंबऱ्यावरच बसली. "तारेचं वेटोळं हातात घेऊन तो उभा होता. मी जिना उतरून खाली आले तोवर ठोके सुरू झाले होते. भराभर पडत होते हो."